इंग्रजी वाक्यात नामाचे रूप आणि उपपद कसे निवडावे

इंग्रजी रोज लिहिणाऱ्या मराठी माणसालाही 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन उपपदांपाशी थबकावे लागते. अर्ज किंवा ई-मेल लिहून झाल्यावर क्रियापदाचा काळ तपासता येतो, स्पेलिंग तपासता येते. परंतु 'द' कोठे राहून गेला आणि कोठे उगाच पडला, हे तपासण्याचे साधन बहुतेकांपाशी नसते. शाळेत 'द'चे उपयोग यादी करून पाठ करून घेतले जातात: नद्यांच्या नावांपूर्वी, समुद्रांच्या नावांपूर्वी, पर्वतरांगांच्या नावांपूर्वी, धर्मग्रंथांच्या नावांपूर्वी. ही यादी खोटी नाही, पण ती विषयाच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करते. रोजच्या लेखनात नद्या आणि पर्वत क्वचितच येतात. येतात ती 'लोन', 'फॉर्म', 'मीटिंग', 'ॲडव्हाइस', 'प्रॉब्लेम' यांसारखी साधी नामे, आणि त्यांच्यापुढे काय लावावे याविषयी ती यादी काहीही सांगत नाही.

या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी नामाचे रूप ठरवावे आणि मग उपपद, कारण रूप ठरले की उपपदासाठी दोन किंवा तीनच पर्याय उरतात. दुसरी गोष्ट अशी की मराठीत उपपदे नसली, तरी उपपदे ज्या अर्थभेदासाठी वापरली जातात तो अर्थभेद मराठीत आहेच. तो शब्दक्रमातून, 'ला' या प्रत्ययातून आणि 'आहे' व 'असते' यांच्या निवडीतून व्यक्त होतो. त्यामुळे योग्य उपपद शोधताना आपल्याच वाक्याचा आधार घेता येतो. इंग्रजी उदाहरणे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

एक नियम मात्र सुरुवातीलाच पक्का करावा, कारण निम्मे काम त्यानेच होते: इंग्रजीत एकवचनी गणनीय (म्हणजे मोजता येणारे) नाम एकटे उभे राहत नाही. त्याच्यापुढे 'अ', 'ॲन', 'द' यांपैकी एक, किंवा 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांसारखा एखादा शब्द असलाच पाहिजे. 'आय बॉट पेन' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. अनेकवचनी नाम आणि अगणनीय नाम यांना ही सक्ती नाही. ती एकटी राहू शकतात किंवा 'द' घेऊ शकतात, पण 'अ' घेत नाहीत.

पहिली पायरी: या अर्थाने हे नाम मोजता येते का?

गणनीय म्हणजे ज्याचे एक, दोन, तीन असे नग मोजता येतात ते, आणि अगणनीय म्हणजे ज्याचे तसे मोजता येत नाहीत ते, ही व्याख्या सोपी आहे. अडचण अशी की कोणती वस्तू मोजायची हे प्रत्येक भाषा आपल्यापुरते ठरवते. मराठीत केस पांढरे होतात, इंग्रजीत 'हेअर' एकवचनी आणि अगणनीय राहून 'माय हेअर इज ग्रे' असे म्हणावे लागते. मराठीत पैसे संपतात, इंग्रजीत 'द मनी इज फिनिश्ड'. आपण तांदूळ निवडतो आणि गहू दळून आणतो तेव्हा ही धान्ये मराठीत अनेकवचनी असतात, पण 'राइस' आणि 'व्हीट' अगणनीय आहेत. एक बातमी, दोन बातम्या असे आपण सहज म्हणतो; 'न्यूज' मात्र शेवटी 'स'सारखा ध्वनी असूनही एकवचनी व अगणनीय आहे, त्यामुळे 'द न्यूज इज गुड' बरोबर आणि 'अ न्यूज' चूक. याच्या उलट एका कात्रीला इंग्रजीत अनेकवचनी 'सिझर्स' आणि एका चष्म्याला 'ग्लासेस' म्हणतात, आणि एकच नग सांगायचा झाला तर 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हणावे लागते.

काही ठिकाणी मराठी थेट मदत करते. 'माहिती' आणि 'सामान' यांचे अनेकवचन आपण कधी करत नाही. 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' यांचेही होत नाही. म्हणजे 'इन्फर्मेशन्स' असे लिहिणारा माणूस स्वतःच्या मराठीकडेच दुर्लक्ष करत असतो. मराठीचा आधार मिळत नाही अशा शब्दांची एक छोटी यादी मात्र पाठ करावी, कारण ते कार्यालयीन लेखनात सतत येतात: 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'होमवर्क', 'ट्रॅफिक', 'प्रोग्रेस', 'सॉफ्टवेअर', 'स्टेशनरी' आणि 'वर्क'. यांतील शेवटचा शब्द विशेष फसवा आहे. 'मला एक काम आहे' या वाक्यावरून 'आय हॅव अ वर्क' असे वाक्य तयार होते, आणि ते चूक आहे. 'आय हॅव सम वर्क टु डू' असे म्हणावे. एक नग दाखवणे आवश्यकच असेल, तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ लगेज', 'ॲन आयटम ऑफ न्यूज' अशी रचना वापरावी.

प्रश्नातील 'या अर्थाने' हे शब्द विसरू नयेत. पुष्कळ नामे एका अर्थाने गणनीय आणि दुसऱ्या अर्थाने अगणनीय असतात. 'पेपर' म्हणजे कागद हा पदार्थ असेल तेव्हा अगणनीय, पण वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा शोधनिबंध या अर्थाने 'अ पेपर'. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'चिकन' म्हणजे ताटातील पदार्थ, 'अ चिकन' म्हणजे अंगणातली कोंबडी, आणि म्हणून 'आय एट अ चिकन' या वाक्याचा अर्थ अख्खी कोंबडी खाल्ली असा होतो. 'एक्स्पिरिअन्स' हा नोकरीचा अनुभव असेल तर अगणनीय: 'शी हॅज टेन यिअर्स ऑफ एक्स्पिरिअन्स'. प्रवासात आलेला एखादा प्रसंग असेल तर 'ॲन एक्स्पिरिअन्स'. हॉटेलात बसून आपण 'दोन चहा द्या' म्हणतो तेव्हा आपणही एका अगणनीय पदार्थाला कपाच्या हिशेबाने गणनीय केलेले असते, आणि इंग्रजीतील 'टू टीज, प्लीज' नेमके तेच करते. त्यामुळे नाम गणनीय आहे की नाही हे शब्दाकडे पाहून ठरवू नये. वाक्यातील अर्थाकडे पाहून ठरवावे.

दुसरी पायरी: एक की अनेक?

नाम गणनीय ठरले की वचन ठरवावे लागते, आणि येथे मराठीची एक सवय आड येते. आकारान्त नसलेल्या पुल्लिंगी नामांचे रूप मराठीत अनेकवचनात बदलत नाही: एक दगड, चार दगड, एक कागद, दहा कागद, एक मित्र, सगळे मित्र. संख्या सांगितली की अनेकत्व कळते, मग नामाला वेगळे चिन्ह लावण्याची गरज आपल्या कानाला जाणवत नाही. इंग्रजीत ती गरज प्रत्येक वेळी असते, म्हणून 'टेन स्टोन्स', 'ऑल माय फ्रेंड्स', 'फाइव्ह मीटर्स' असे 'स' लावूनच लिहावे. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूकही याच सवयीतून येते. अनेकांतला एक निवडायचा तर आधी अनेक हवेत, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. याउलट 'एव्हरी' आणि 'ईच' यांच्यापुढे मात्र एकवचनच येते: 'एव्हरी स्टुडंट', 'ईच व्हिलेज'.

संख्या आणि नाम मिळून दुसऱ्या नामाचे विशेषण झाले की 'स' गळून पडतो. नोट दहा रुपयांची असली तरी ती 'अ टेन-रुपी नोट', मुलगी पाच वर्षांची असली तरी ती 'अ फाइव्ह-यिअर-ओल्ड गर्ल'. 'हंड्रेड' आणि 'थाउजंड' यांच्या बाबतीत मराठीचा अचूक आधार आहे: 'दोनशे लोक' म्हणजे 'टू हंड्रेड पीपल' आणि 'शेकडो लोक' म्हणजे 'हंड्रेड्स ऑफ पीपल'. नेमका आकडा असेल तर 'स' नाही, अंदाजे मोठी संख्या असेल तर 'स'.

आदरार्थी अनेकवचनाकडेही लक्ष द्यावे. 'माझे वडील शिक्षक आहेत' या वाक्यात क्रियापद अनेकवचनी आहे, पण वडील एकच आहेत. इंग्रजीत आदर वचनातून व्यक्त होत नाही, म्हणून नाम एकवचनी, आणि एकवचनी गणनीय नाम एकटे राहत नाही, म्हणून 'माय फादर इज अ टीचर'. व्यवसाय सांगताना मराठीत 'एक' लावत नाहीत. 'माझे वडील एक शिक्षक आहेत' हे मराठीच्या कानाला खटकते, आणि नेमक्या याच कारणाने इंग्रजीतला 'अ' गळतो. परिचयपत्रात आणि मुलाखतीत सर्वांत आधी दिसणारी चूक हीच असल्याने ती सर्वांत आधी सुधारावी.

तिसरी पायरी: कोणते, हे वाचकाला ठाऊक आहे का?

या प्रश्नाचे उत्तर हाच 'द'चा खरा आधार आहे. नाम वाचल्यावर वाचक 'कोणते?' असे विचारेल का, याचा विचार करावा. तो विचारणार नसेल, कारण त्याला ते ठाऊक आहे किंवा संदर्भावरून ओळखता येते, तर 'द'. विचारू शकेल, किंवा कोणते आहे याने फरकच पडत नसेल, तर एकवचनी गणनीय नामाला 'अ' किंवा 'ॲन', आणि अनेकवचनी व अगणनीय नामांना काहीही नाही. येथे लेखकाला काय ठाऊक आहे याला महत्त्व नाही, वाचकाला काय ठाऊक आहे याला आहे. आपण कोणत्या बँकेत गेलो हे आपल्याला पक्के माहीत असते, तरी पहिल्या उल्लेखात 'आय वेंट टु अ बँक' असेच लिहावे लागते, कारण वाचकाला ते माहीत नाही.

हा फरक मराठी तीन रीतींनी दाखवते. पहिली रीत शब्दक्रमाची आहे. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' या वाक्यांत शब्द तेच आहेत, पण पहिले वाक्य पुस्तकाची नवी बातमी देते आणि दुसरे आधीच माहीत असलेल्या पुस्तकाचा ठावठिकाणा सांगते. म्हणून पहिले 'देअर इज अ बुक ऑन द टेबल' आणि दुसरे 'द बुक इज ऑन द टेबल'. माहीत असलेली गोष्ट मराठी वाक्याच्या सुरुवातीला येण्याकडे कल असतो आणि नवी गोष्ट क्रियापदाजवळ.

दुसरी रीत 'ला' प्रत्ययाची, आणि ती माणसांच्या बाबतीत फार उपयोगी पडते. 'आम्ही ड्रायव्हर शोधत आहोत' म्हणजे नोकरीवर ठेवायला कोणीतरी हवा आहे: 'वी आर लुकिंग फॉर अ ड्रायव्हर'. 'आम्ही ड्रायव्हरला शोधत आहोत' म्हणजे आपला ठरलेला ड्रायव्हर कोठेतरी गेला आहे: 'वी आर लुकिंग फॉर द ड्रायव्हर'. 'ला' नसेल तर बहुधा 'द' नको. 'ला' असेल तर बहुधा 'द' हवा, पण त्याआधी 'एका' आला की पुन्हा 'अ' येतो: 'मी एका ड्रायव्हरला विचारले' म्हणजे 'आय आस्क्ट अ ड्रायव्हर'.

तिसरी रीत मला सर्वांत मौल्यवान वाटते, कारण अनेकवचनी आणि अगणनीय नामांपुढे 'द' लावावा की नाही, हा सर्वांत अवघड प्रश्न ती सोडवते. 'आंबे गोड असतात' हे वाक्य सगळ्या आंब्यांविषयी आहे आणि 'आंबे गोड आहेत' हे समोरच्या पेटीतल्या आंब्यांविषयी. इंग्रजीत दोन्हींचे क्रियापद 'आर' हेच आहे, म्हणून फरकाचा सगळा भार उपपदावर पडतो: 'मँगोज आर स्वीट' आणि 'द मँगोज आर स्वीट'. तसेच 'दूध पौष्टिक असते' म्हणजे 'मिल्क इज नरिशिंग', तर 'दूध गरम आहे' म्हणजे 'द मिल्क इज हॉट'. 'द मिल्क इज नरिशिंग' किंवा 'द लाइफ इज डिफिकल्ट' अशी वाक्ये लिहिताना मनातल्या मराठी वाक्यात 'असते' आहे की 'आहे', हे पाहावे. या कसोटीला एक मर्यादा आहे. 'दुकान नऊला उघडे असते' या वाक्यात 'असते' आहे, पण दुकान ठरलेलेच आहे आणि 'असते' केवळ रोजचा शिरस्ता सांगते; म्हणून तेथे 'द शॉप' असेच येईल. कसोटी लावल्यावरही 'कोणते?' हा मूळ प्रश्न विचारून खात्री करावी.

वाचकाला 'कोणते' हे कळण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. आधीचा उल्लेख हा त्यांतला सर्वांत उघड मार्ग आहे: गोष्टीत 'एक राजा' येतो आणि पुढे 'तो राजा' होतो, तसे 'अ किंग' आणि मग 'द किंग'. पण ज्याचा उल्लेखच झालेला नाही तेही ओळखता येते. 'आम्ही एका लग्नाला गेलो होतो, जेवण छान होते' या वाक्यात जेवणाआधी 'ते' नाही, तरी ते त्या लग्नाचेच आहे हे सर्वांना कळते. इंग्रजीत 'वी वेंट टु अ वेडिंग. द फूड वॉज गुड.' म्हणून प्रत्येक 'द'च्या जागी मराठीत 'तो, ती, ते' बसेलच असे मानू नये. जी गोष्ट एकच असते तिथेही प्रश्न उरत नाही: 'द सन', 'द फर्स्ट पेज', 'द टॉलेस्ट बॉय इन द क्लास'.

'ऑफ' आला की 'द' लावावा, असे शिकवले जाते आणि त्यामुळे बरेच नुकसान होते. 'द प्राइस ऑफ ओनियन्स' यात 'द' आहे, कारण कोणता भाव हे 'ऑफ'ने पूर्ण स्पष्ट केले. पण 'अ कप ऑफ टी' किंवा 'अ फ्रेंड ऑफ माइन' यांत 'ऑफ' असूनही कप कोणता आणि मित्र कोणता हे ठरत नाही. नामामागून येणारा मजकूर वर्णन करतो की नेमकी ओळख पटवतो, हे पाहावे. 'माय', 'धिस', 'हिज' हे शब्द आधीच ओळख पटवतात, म्हणून त्यांच्याबरोबर उपपद येत नाही; 'अ माय फ्रेंड' किंवा 'द माय ऑफिस' अशी रचना इंग्रजीत नाही.

याच पायरीवर 'मोस्ट'चा उलगडा होतो. सर्वसाधारण विद्यार्थ्यांपैकी बहुतेक म्हणजे 'मोस्ट स्टुडंट्स', आणि एखाद्या ठरलेल्या वर्गातील बहुतेक म्हणजे 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स'. 'मोस्ट ऑफ स्टुडंट्स' हे दोन्हींपैकी काहीच नाही. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांच्यातील फरकही विसरू नये: 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही लोक आले, 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसे कोणी आलेच नाही. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचे नातेही तसेच आहे, फक्त ते अगणनीय नामांबरोबर येतात.

चौथी पायरी: 'अ' की 'ॲन'?

हे ठरवणे देवनागरी येणाऱ्या माणसाला इतरांपेक्षा सोपे जाते. उपपदाच्या लगेच पुढे येणारा शब्द खऱ्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावा. तो 'अ' ते 'औ' किंवा 'ॲ', 'ऑ' यांपैकी स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. रोमन अक्षर कोणते आहे याकडे पाहू नये. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांत 'एच' लिहिलेला असला तरी उच्चार स्वराचा आहे, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'युनिव्हर्सिटी' 'य'ने आणि 'वन-वे' 'व'ने सुरू होतात, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'अ वन-वे रोड'. आद्याक्षरांनाही हाच न्याय लागतो: 'ॲन एसटी बस', 'ॲन एमपीएससी एक्झाम', 'ॲन एफआयआर', पण 'अ यूपीएससी एक्झाम'. मध्ये विशेषण आले तर उच्चार विशेषणाचा पाहावा: 'ॲन ओल्ड युनिव्हर्सिटी', 'अ यूसफुल आयडिया'.

पाचवी पायरी: विशेषनामे आणि ठरीव प्रयोग

शाळेतल्या यादीचे काम येथे सुरू होते. माणसे, शहरे, जिल्हे, राज्ये आणि बहुतेक देश यांच्या नावांपुढे उपपद नसते: 'सातारा', 'महाराष्ट्र', 'इंडिया'. ज्या देशाच्या नावात अनेकवचन किंवा राज्यव्यवस्थेचा शब्द आहे त्याला 'द' लागतो: 'द नेदरलँड्स', 'द युनायटेड स्टेट्स'. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा 'द' घेतात: 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द वेस्टर्न घाट्स'. एकटे शिखर आणि एकटे सरोवर घेत नाही. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईविषयी लिहिताना 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र' असे लिहावे. नावापुढे काही नाही, पण सर्वोच्चतादर्शक विशेषणापुढे 'द'. गाड्यांची नावे 'द' घेतात, म्हणून १९३० पासून धावणारी 'द डेक्कन क्वीन'. संस्थेच्या नावात 'ऑफ' असेल तर बहुधा 'द' येतो, नाव आधी असेल तर येत नाही: 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई', पण 'मुंबई युनिव्हर्सिटी'.

भाषेच्या नावापुढे 'द' नको. 'आय स्पीक मराठी' बरोबर आहे, 'द मराठी लँग्वेज' हेही बरोबर आहे, पण नुसते 'द इंग्लिश' म्हणजे इंग्रज लोक. खेळ उपपदाविना, वाद्य बहुधा 'द'सह: 'प्ले क्रिकेट', पण 'प्ले द तबला'. मूल शिकायला जाते तेव्हा 'गोज टु स्कूल', पालक फी भरायला जातात तेव्हा 'गो टु द स्कूल'. संस्थेच्या मूळ कामासाठी जाणे असेल तर उपपद गळते. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र ब्रिटिश लोक 'इन हॉस्पिटल' आणि अमेरिकन लोक 'इन द हॉस्पिटल' म्हणतात, त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी तेथील प्रघात पाळावा. 'बाय बस', 'बाय ट्रेन' यांत एकवचनी नाम एकटे राहते, आणि सुरुवातीच्या नियमाला असलेले हे ठरीव अपवाद तसेच लक्षात ठेवावे लागतात.

एका परिच्छेदावर सराव

लिहून झाल्यावर प्रत्येक नामाखाली रेघ ओढावी आणि वरच्या पायऱ्या त्याच क्रमाने प्रत्येक नामाला लावाव्यात. पुढचा परिच्छेद मराठी मनाने लिहिला आहे: 'माय फादर इज फार्मर. ही ग्रोज ओनियन इन नाशिक डिस्ट्रिक्ट. लास्ट यिअर ही टुक लोन फ्रॉम बँक. बँक गेव्ह हिम मनी विदिन वीक, बट रेन डिस्ट्रॉइड क्रॉप.'

'फार्मर' गणनीय, एकवचनी, आणि व्यवसाय सांगणारा, म्हणून 'अ फार्मर'. कांदा मराठीत पिकाचे नाव म्हणून एकवचनात चालतो, 'तो कांदा पिकवतो'. इंग्रजीत तो गणनीय आहे आणि येथे ठरावीक कांदे अभिप्रेत नाहीत, म्हणून उपपदाविना अनेकवचन 'ओनियन्स'. 'नाशिक डिस्ट्रिक्ट' विशेषनाम, जसेच्या तसे. कर्ज आणि बँक दोन्ही प्रथमच येतात, वाचक 'कोणती बँक?' असे विचारू शकेल, म्हणून 'अ लोन फ्रॉम अ बँक'. पुढच्या वाक्यात बँक ओळखीची झाली, म्हणून 'द बँक'. 'मनी' अगणनीय आहे, 'अ' शक्यच नाही; पण ते पैसे त्याच कर्जाचे आहेत, म्हणून 'द मनी'. 'वीक' गणनीय आणि एक, म्हणून 'अ वीक'. पीक त्या शेतातलेच आहे, आधी 'ओनियन्स' येऊन गेलेच आहेत, म्हणून 'द क्रॉप'.

उरतो 'रेन'. तो अगणनीय आहे, त्यामुळे 'रेन' आणि 'द रेन' असे दोनच पर्याय आहेत आणि व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत. पाऊस हे केवळ नुकसानीचे कारण म्हणून सांगायचे असेल तर 'रेन डिस्ट्रॉइड द क्रॉप' पुरेसे आहे. वाचक त्याच भागातला असेल, त्या वर्षीचा तो अवकाळी पाऊस त्यानेही पाहिला असेल, तर 'द रेन' लिहावे. ते वाचताच कोणता पाऊस, हे त्याला सांगावे लागणार नाही.